वॉर्डातली नवी

ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की माझी उजवी मांडी दुखायला लागते. डॉक्टर म्हणतात, हाडाचा आणि उकाड्याचा काही संबंध नाही, थंडीत दुखलं तर एक वेळ समजू शकतो. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. मांडी माझी आहे. ती मोडली तेव्हा पाऊस ओसरत आला होता आणि सांधली ती दिवाळी उलटल्यावर. मधला सगळा उकाडा तिने परळच्या एका हॉस्पिटलात वजनांना बांधून घेऊन काढला. तिच्या लक्षात राहिलं असेल तर त्यात नवल काय?

यंदा जरा जास्तच दुखतंय. माझी भाची पल्लवी याच महिन्यात नर्स म्हणून कामाला लागली. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, रोज मला फोन करते. पल्लवी घरी येते, आंघोळ करते आणि भिंतीकडे तोंड करून झोपते. विचारलं तर म्हणते, सगळं मस्त आहे. बहिणीचं म्हणणं असं, की त्या हॉस्पिटलात माझी ओळख आहे, तर मी जाऊन पल्लवीच्या सिस्टरशी दोन शब्द बोलावेत. ओळख आहे हे खरं. माझे शब्द ऐकूनही घेतील. म्हणूनच मी जात नाही. बहिणीला यातलं काही कळत नाही आणि सध्या ती माझ्यावर फुगून बसली आहे.

तिला कसं सांगू? ती तेव्हा शाळेत होती. लहान मुलांना वॉर्डात सोडत नसत, म्हणून ती खाली आवारात उभी राहायची आणि आई वर येऊन मला सांगायची की छोटी खाली उभी आहे, हात हलवतेय. मला खिडकीपर्यंत जाता येत नव्हतं. मी पडल्या पडल्या छताला हात हलवायची.

भोईवाड्याच्या आमच्या चाळीत सामायिक नळापाशी शेवाळावरून माझा पाय सटकला. कॉलेजचं दुसरं वर्ष होतं. गिरण्यांचा संप चालू होता, चाळीतले झाडून सगळे पुरुष घरी होते, त्यामुळे मला उचलायला माणसांची कमी पडली नाही. कुणाची तरी बाज काढली, तिच्यावर मला निजवलं आणि वरात निघावी तशी मंडळी हॉस्पिटलकडे निघाली. बाबा पुढे होते. ते गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, होते, आणि कित्येक महिन्यांनी त्यांना करायला काहीतरी काम मिळालं होतं. मी कळवळत होते, तरी त्यांच्या चालण्यातला तो उत्साह मला दिसला होता.

मांडीचं हाड मोडलं की तेव्हा गुडघ्याखालून एक सळई आरपार घालत. सळईला दोरी, दोरी कप्पीवरून पलीकडे आणि तिच्या टोकाला लोंबकळणारी वजनं. वजनांनी माणूस खाली ओढला जाऊ नये म्हणून पलंगाच्या पायथ्याखाली लाकडी ठोकळे. म्हणजे डोकं खाली, पाय वर, आणि कुशीवर वळायचं नाव नाही. उठताबसता येत नाही म्हणजे काय, ते तोवर मला ठाऊक नव्हतं. नाकावर माशी बसली तर हाकलता यायची, एवढंच काय ते स्वातंत्र्य. वर पंखा कुरकुरत फिरायचा आणि त्याचा वारा नेमका दोन पलंगांच्या मधल्या फरशीला लागायचा. सकाळी उकळत्या पाण्यात काचेच्या सिरिंजा खुळखुळायच्या. स्पिरिटचा वास, ओल्या फडक्याचा वास, आणि दुपारी जेवणाच्या गाडीबरोबर येणारा दुधीच्या भाजीचा वास. त्या वासाने मला आजही दुधी खाववत नाही.

आणि दिवसभर कानावर पडणारी एक हाक. "ए नवी."

तिचं नाव जयवंती. शिवडीच्या कोळीवाड्यातली. नर्सिंगचं शिक्षण संपवून नुकतीच लागली होती. वॉर्डात रीतच होती, की नव्या नर्सला नावाने हाक मारायची नाही. पुढची नवी येईपर्यंत ती नवी. नवीने राउंडच्या वेळी सगळ्यांच्या मागे, हात पुसायचा टॉवेल घेऊन उभं राहायचं. डॉक्टरांनी थेट काही विचारलं तरी उत्तर मोठ्या सिस्टरने द्यायचं. चहाच्या टेबलाशी नवीला खुर्ची नसायची, ती उभ्याने प्यायची, तेही कुणी हाक मारेपर्यंत. तिच्या हातून सिरिंज फुटली की सगळा वॉर्ड ऐकेल असं बोलायचं. वरून तिच्या जातीवर बोट ठेवणं होतंच. तिने ट्रॉलीवर बाटल्या मांडल्या की कुणीतरी म्हणायचं, "बाजार मांडलास का गं?" तिची आई लालबागच्या बाजारात मासळी विकायची. ते सगळ्यांना माहीत होतं, कारण वॉर्डातल्या अर्ध्या बायका तिच्याच आईकडून मासळी घ्यायच्या. संपात त्यांची पापलेटं सुटली होती आणि त्या बोंबील-मांदेलीवर आल्या होत्या, पण घ्यायच्या तिच्याचकडून.

जयवंतीची नेमणूक हंगामी होती. ती पुढे वाढणार की नाही, हे इनचार्ज सिस्टरच्या शेऱ्यावर ठरायचं. बाजारात गिऱ्हाईक उरलं नव्हतं, धाकटी भावंडं शिकत होती. त्यामुळे तिला नोकरी टिकवायची होती, बास. हे तिने मला माझी पाठ पुसता पुसता सांगितलं होतं, अगदी साध्या आवाजात, जसं कुणी आपला पत्ता सांगावा.

माझी चादर बदलणं हे दोघींचं काम होतं. वजनं लावलेल्या पेशंटची चादर बाजूने ओढता येत नाही, डोक्याकडून गुंडाळत पायाकडे न्यावी लागते. एकीने उचलायचं, दुसरीने सरकवायचं. पण नवीला कुणी दुसरा हात द्यायचा नाही, हीही रीतच. मग आम्ही दोघींनी मिळून एक युक्ती काढली. माझ्या डोक्यावर एक लोखंडी दांडी होती. तिला धरून मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून पाठ उचलायची आणि तेवढ्यात ती चादर सरकवायची. दोघी घामाने भिजायचो. जमलं की ती हसायची. तिचे पुढचे दात जरा पुढे होते, म्हणून ती ओठ दाबून हसायची. माझ्या वयाचीच होती ती. मला तिचा फार लळा लागला होता, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

गावडे सिस्टर, आमच्या वॉर्डच्या इनचार्ज, दुष्ट होत्या असं म्हणायची मला फार इच्छा आहे. पण तसं म्हणता येत नाही. त्यांचा नवराही संपावरच होता. सासू-सासरे, दीर, मुलं, सगळं घर त्यांच्या एकटीच्या पगारावर बसलं होतं. लालबागहून त्या चालत यायच्या, आणि ड्युटीवर आल्या की वॉर्ड आपोआप सरळ व्हायचा. इंजेक्शनला त्यांचा हात इतका हलका, की बायका म्हणायच्या, थांबा, गावडे सिस्टर आल्या की देतील. भेटीच्या वेळी संपवाल्यांची पोरं आईला बघायला दारापाशी रेंगाळायची. त्यांच्या हातात गावडे सिस्टर उरलेला पाव कोंबायच्या आणि पकडल्या गेल्यासारख्या पटकन वळायच्या. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. आणि त्याच हातांनी त्या नवीने घातलेल्या चादरी ओढून काढायच्या. एका पलंगाचा कोपरा नीट दुमडला नसेल तर ओळीतल्या सगळ्या पलंगांच्या. "परत घाल." बरोबर जेवणाच्या सुट्टीच्या वेळी.

असं बरेच दिवस चाललं होतं. मग एका दुपारी जयवंतीला चक्कर आली. तिने आधाराला हात टाकला तो माझ्या पलंगाच्या दांड्यावर. वजनं हलली आणि माझ्या मांडीतून अशी कळ गेली की मी ओरडले. ती माझी माफी मागत होती, ओठ पांढरे पडले होते, आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं हे कुणी सांगायची गरज नव्हती.

माझ्या शेजारच्या पलंगावर भागीरथी आजी होत्या. मालवणकडच्या. खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशनची वाट बघत पडलेल्या. त्यांचा मुलगा गिरणीत होता, आणि पडण्याआधी आजी स्वतः प्रत्येक मोर्चाला गेल्या होत्या. त्यांनी सगळं बघितलं. जेवणाची गाडी आली, वाढणाऱ्या मावशींनी रिकामं ताट पुढे केलं, तर आजींनी ते घेतलं आणि छातीवर पालथं घातलं.

"तिका जेवूक सोडा," आजी म्हणाल्या. "मगे आमी जेवतलंव."

पलीकडच्या बाईने ताट पालथं घातलं. तिच्या पलीकडचीनेही. मग मीही. सगळ्या गिरणगावच्याच बायका, त्यांना आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. छातीवर पालथी ताटं घेऊन आम्ही छताकडे बघत पडलो. कुणाला तरी हसू फुटलं आणि मग ते आवरेना. त्या वॉर्डात इतकं हसलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. जन्मात प्रथमच कुणासाठी तरी आपण काही केलं, तेही पडल्या पडल्या, असं मला वाटत होतं.

गावडे सिस्टर आल्या. रागावल्या नाहीत. त्यांनी ओळीवरून एकदा नजर फिरवली आणि जयवंतीला म्हणाल्या, "जा, जेवून ये. पेशंट उपाशी राहिलेत तुझ्यासाठी." अगदी मऊ आवाजात. आम्ही ताटं सुलटी केली. संध्याकाळी बाबा आले तेव्हा त्यांना सगळं सांगताना माझा श्वास पुरत नव्हता. ते इतके खूश झाले की आजींच्या पलंगाशी जाऊन त्यांना हात जोडून आले. आमचं बाहेर काही सुटत नाही, तुमचं तरी सुटलं, म्हणाले.

जयवंती मात्र खूश नव्हती. दुसऱ्या दिवशी पाठीला स्पिरिट लावताना ती म्हणाली, "कशाला केलंत असं? ओरडत होत्या त्या, ओरडू दे की. ओरडताना काहीतरी सांगतात. तेवढंच शिकायला मिळतं."

तिचं म्हणणं मला तेव्हा नीट कळलं नाही. कळायला आठवडासुद्धा लागला नाही.

कारण वॉर्ड शांत झाला. "ए नवी" बंद. चादरी ओढणं बंद. टोमणे बंद. तिच्याशी कुणी बोलेचना. ड्युटी बदलताना सगळ्या एकेका पलंगाशी उभ्या राहून पेशंटची हकिकत एकमेकींना सांगत, तेव्हा नेमकं तिला काहीतरी आणायला पाठवलेलं असायचं. ती परत येईपर्यंत ओळ संपलेली. तिने विचारलं तर, "तुला काय, तुला सगळं येतं." ती मग पलंगापलंगाशी जाऊन आम्हालाच विचारायची. आजी, तुम्हाला गोळी दिली का? ताई, तुमचा पाय डॉक्टरांनी बघितला का? औषधांच्या बाबतीत आम्ही सगळ्याच अडाणी, आम्ही काय सांगणार? कोण गुलाबी गोळी म्हणायचं, कोण मोठी गोळी. ऊन तापत होतं, खालून कुणाच्या तरी घरच्या चिवड्याच्या फोडणीचा वास येत होता, दिवाळी तोंडावर होती, आणि ही मुलगी भरल्या वॉर्डात एकटी पडली होती. आणि ती आमच्यामुळे एकटी पडली आहे हे ओळीतल्या प्रत्येकीला कळत होतं.

आजींचं ऑपरेशन अचानक ठरलं. आदल्या संध्याकाळी डॉक्टर त्यांच्या पलंगाभोवती पडदे लावून तपासून गेले, जे बोलले ते हळू आवाजात आणि इंग्रजीत, आम्हाला काही कळलं नाही. ऑपरेशनच्या सकाळी पोट रिकामं लागतं, म्हणून त्या पलंगाला 'उपाशी' अशी पाटी अडकवायची असते. पाटी टेबलावरच राहिली. मुद्दाम की विसरून, हे मला आजही माहीत नाही. सकाळी जयवंती ड्युटीवर आली, आजींनी रोजच्यासारखा चहा मागितला, तिने दिला. वर बिस्किटंही दिली. थोड्या वेळाने आजींना न्यायला स्ट्रेचर आलं.

मोठे डॉक्टर स्वतः वॉर्डात आले. महत्प्रयासाने मिळालेली ऑपरेशनची वेळ फुकट गेली होती. कुणी दिला चहा, असं त्यांनी विचारलं. आजी उशीवरून मान उचलून सांगत होत्या, "च्या माझी मी मागान घेतलंय. पोरीचो काय दोष नाय." त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

गावडे सिस्टर हात बांधून उभ्या होत्या. "नवीन आहे, सर," त्या म्हणाल्या. "पेशंटची फार लाडकी आहे."

 मला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच जयवंतीला म्हणायचं होतं. ते म्हणून ती त्या सगळ्यांच्या समोर कुठे उभी राहणार होती? ती "सॉरी सर" म्हणाली. तिची नेमणूक पुढे वाढली नाही.

आम्ही पुन्हा ताटं पालथी घालायला निघालो होतो. आजींनीच अडवलं. "आता गप ऱ्हवा गे," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांना पुढे खोकला झाला, मग ताप. ऑपरेशन पुढे पुढे जात राहिलं आणि शेवटी मुलाने त्यांना तशाच घरी नेलं. करी रोडच्या त्यांच्या खोलीत त्या पुढे कित्येक वर्षं होत्या, पण उभ्या राहिल्या नाहीत.

जयवंती गेली त्या दिवशी ती वॉर्डात आली नाही. आली असती तर बोलली असती का, कोण जाणे. खिडकीजवळच्या बाईने तिला आवारात बघितलं आणि ती आम्हाला सांगत होती. गेटाकडे चाललीय. पिशवी आहे हातात. थांबली. नाही, चप्पल नीट केली. वर बघितलं का, मी विचारलं. झाड मधे येतंय, ती बाई म्हणाली. माझ्या पायाला वजनं लटकत होती. मी मान ताणून ताणून खिडकीच्या चौकटीत दिसणारा आभाळाचा तुकडा बघत राहिले.

परवा रविवारी पल्लवी माझ्याकडे आली होती. बराच वेळ मोबाईलशी खेळत बसली आणि मग एकदम म्हणाली, मावशी, सिस्टर काल माझ्यावर सगळ्यांसमोर इतक्या ओरडल्या, की मला वाटलं तिथून पळून जावं. मला इतकं हायसं वाटलं की मी उठून तिच्यासाठी चहा टाकला. ती बघतच राहिली. मी तिला विचारलं, ओरडताना काय चुकलं ते सांगितलं का? सांगितलं, म्हणाली. मग ठीक आहे, मी म्हटलं. ही काय सांत्वनाची रीत झाली? पण माझ्याकडे दुसरी नाही. बहीण म्हणते मी कठोर झाले आहे. असेनही.

काठी टेकत चालायला लागले तेव्हा मी लालबागच्या बाजारात गेले होते. जयवंतीची आई सापडली. मी काही बोलायच्या आत तिने माझ्या काठीकडे बघितलं. "तू ती पायवाली पोर ना?" म्हणाली. घरी आली की तुझाच विषय असायचा. जयवंतीला तिने उरणला बहिणीकडे पाठवलं होतं. बरी हाय, एवढंच म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. त्या बरी असण्याचा अर्थ मी आजतागायत लावते आहे.

जयवंती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट मात्र मी बाबांनासुद्धा सांगितली नव्हती. माझी चादर कुणी बदलली नव्हती. घामाने ती पाठीला चिकटली होती, आणि कमरेच्या वर एका जागी चांगलीच आग होत होती. उकाडा असा, की पंखाही थकल्यासारखा वाटत होता. तेवढ्यात गावडे सिस्टर हातावर धुतलेली चादर घेऊन आल्या. एकट्या. मी सवयीने वरची दांडी धरायला हात वर केले.

"दांडी सोड," त्या म्हणाल्या. "झटका बसतो हाडाला. माझ्या गळ्यात हात टाक."

मी दांडी सोडली नाही. मी म्हटलं, "तिला कुणी सांगितलंच नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. जवळून त्या खूप दमलेल्या दिसत होत्या. डोळ्यांखाली काळं, केसांच्या बटा घामाने कपाळाला चिकटलेल्या.

"मी नवी होते तेव्हा मला तरी कोण सांगायचं?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "घाल हात. पाठ सोलवटलीय तुझी."

मी न सांगता त्यांना ती जागा कळली होती. मला त्यांचा इतका संताप येत होता की हातपाय चालते असते तर मी त्यांना ढकलून दिलं असतं. पण पाठीची आग होत होती, आणि दुसरं कुणी येणार नव्हतं. मी दांडी सोडली आणि दोन्ही हात त्यांच्या गळ्यात टाकले. त्यांच्या मानेला टाल्कम पावडरचा आणि घामाचा वास येत होता. "घट्ट धर," त्या म्हणाल्या. मी घट्ट धरलं. त्यांनी मला अलगद उचललं, आणि जराही दुखलं नाही.